दोन पाइपांचं सिंक

आमच्या घरात 'सिंक' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे मला लग्नानंतर सतरा वर्षांनी कळलं.

त्यात माझा काडीचाही दोष नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ही हकिगत आमच्या नातेवाइकांत माझ्या माघारी (आणि आता तर माझ्या तोंडावरही) ज्या पद्धतीने सांगितली जाते, ती ऐकून एखाद्याला वाटेल की मी म्हणजे घरात पूर आणणारा माणूस आहे. मी पूर आणला नाही. पूर नळाने आणला. मी फक्त प्रोसेसर बदलला!

मीरा रोडला तेव्हा ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं आणि आमच्या सबंध गोतावळ्यात वेबकॅम असलेला मी एकटा होतो. टेबलावर मागच्या बाजूने पोट सुटलेला मॉनिटर, त्याच्या डोक्यावर कावळ्यासारखा बसलेला वेबकॅम आणि खाली जमिनीवर, टेबलाच्या पायाशी, सीपीयू. या सीपीयूला मी पडद्यांच्या उरलेल्या कापडातून खास कव्हर शिवून घेतलं होतं, झालर लावून. ('बच्ची कितने साल की है?' असं टेलरने माप लिहून घेताना विचारलं होतं.) धुळीचा एक कण आत जाऊ देणार नाही, असा माझा बाणा! कव्हरला कोणी हात लावलेला मला खपत नसे. इतकी काळजी लोक पोटच्या पोरांची घेत नाहीत, पण आमच्या घरात कोणाला कौतुक आहे?

तर एका गुरुवारी भाईंदरहून माझी थोरली बहीण, शालनताई, आली. सोबत तिची मुलगी मुक्ता. ताई बसायच्या आधीच बोलायला लागते.

"बाळ्या," (माझं वय तेव्हा सेहेचाळीस) "मुक्ताला स्थळ आलंय. अमेय नाव. अमेरिकेत असतो, आई सध्या त्याच्याकडेच आहे. रविवारी संध्याकाळी सहा वाजता कॅमेऱ्यावर बघायचा कार्यक्रम. तुझ्याकडून!"

"माझ्याकडून?"

"मग काय सायबर कॅफेतून? दोन्ही बाजूंना पोरं बंदुका झाडतायत आणि मधे आमची मुक्ता साडी नेसून बसलीय?"

"तसं नाही गं..."

"आणि ऐक. सोमवारी तो आणखी एक मुलगी बघणार आहे. कांदिवलीची. म्हणजे आपल्याला काय ती एकच संधी. त्यात तुझं ते खोकं बंद पडलं, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

(ही धमकी ताईने मला आयुष्यात तीसेक वेळा दिली आहे. एकदाही पाळली नाही.)

मुक्ता मात्र जाताना दारात थांबली आणि हळूच म्हणाली, "मामा, आमच्या तीनचार ईमेल झाल्यात. मला आवडलाय तो. फक्त मधेच बंद पडू देऊ नकोस, हं."

आता सांगा, यानंतर माणूस स्वस्थ बसेल? मी शनिवारी चाचणी घ्यायचं ठरवलं. ऑफिसातल्या एका मित्राला वेबकॅमवर बोलावलं. आधी त्याचं नाक एका जागी आणि ओठ दुसऱ्या जागी हलू लागले, आणि बरोबर दहाव्या मिनिटाला पडदा काळा. पुन्हा सुरू केलं, सहाव्या मिनिटाला काळा. कव्हरवरून हात लावून पाहिला, तर तव्यावर ठेवल्यासारखा! माझ्या डोळ्यांसमोर कांदिवलीची मुलगी बोहल्यावर उभी राहिली.

रविवारी सकाळी दहा वाजता मी सीपीयू छातीशी धरून रिक्षाने स्टेशनजवळच्या जिग्नेशभाईंच्या दुकानात. जिग्नेशभाईंनी नुसतं ऐकून निदान केलं.

"देखो साहेब, ये प्रोसेसर वीडियो के लिए छोटा पड़ता है. बड़ा डाल देते हैं. लेकिन बड़ा गरम भी ज्यादा होगा. तो सिंक भी बड़ा लगेगा."

प्रोसेसरच्या डोक्यावर पातळ पत्र्यांचा एक ठोकळा बसवतात आणि त्यावर पंखा. खालची उष्णता तो ठोकळा शोषून घेतो. या ठोकळ्याला म्हणतात सिंक. हे मला त्या दिवशी जिग्नेशभाईंनी शिकवलं, आणि नवं शिकलेला शब्द लगेच वापरायची माझी लहानपणापासूनची खोड. तिथेच घात झाला.

जिग्नेशभाईंनी माझ्यासमोर तीन पर्याय ठेवले. एक, प्रोसेसरच्या खोक्यातच फुकट मिळणारं छोटं सिंक. ("चलेगा, लेकिन टेंशन रहेगा.") दोन, तांब्याचे दोन पाइप असलेलं मोठं सिंक, त्यावर बशीएवढा पंखा. आणि तीन, त्यांनी आवाज खाली आणला, "वॉटर कूलिंग. पानी से ठंडा. अंदर पानी घूमता रहेगा."

मी भडकलोच. "जिग्नेशभाई, हमारे घर में पीने का पानी दिन में एक घंटा आता है! वो भी मैं प्रोसेसर को पिलाऊँ?"

"मत पिलाओ. दो पाइपवाला ले जाओ."

एवढा मोठा निर्णय. बायकोला विचारून घ्यावा, असा सुविचार माझ्या मनात आला. (सुविचारांपासून लांब राहावं, हे मी तेव्हापासून शिकलोय.) मी मोबाइल काढला.

पण ते संभाषण सांगण्याआधी आमच्या स्वयंपाकघरातल्या सिंकविषयी दोन शब्द. ते लहान होतं, हे मला मान्य आहे. उत्तनच्या मावशींकडून घेतलेली सुरमई त्यात धुवायला ठेवली की डोकं एका काठावर आणि शेपूट दुसऱ्या काठावर. नीला, म्हणजे माझी बायको, ते बदला म्हणून सहा वर्षं माझ्या मागे होती आणि मी सहा वर्षं 'बघू' म्हणत होतो. दुसरं म्हणजे, त्यावर पिण्याच्या पाण्याचा नळ. पाणी संध्याकाळी येतं, कधी सहाला, कधी साडेसहाला. म्हणून आमच्या आख्ख्या इमारतीत पद्धत अशी की नळ उघडाच ठेवायचा आणि खाली सिंकमध्ये एक ताट उपडं घालायचं. पाणी आलं की ताट वाजतं. सहाच्या सुमाराला आमची इमारत बाहेरून ऐकाल तर वाटेल, घरोघर आरती चाललीय. आमच्याकडे पावणेसहाला नळ उघडायचं काम माझं.

हं, तर फोन.

"नीला, सिंक बदलावं लागणार."

पलीकडून, "खरं सांगताय?"

"खरं म्हणजे काय! छोटं पडतंय ते."

"अहो, मी सहा वर्षं दुसरं काय म्हणतेय!"

(आमचा कॉम्प्युटर चार वर्षांचा होता. पण सतरा वर्षं संसार केलेला माणूस बायकोच्या आकड्यांच्या वाटेला जात नाही.)

"चांगलं मोठं घेतोय. तांब्याचं."

"तांब्याचं कशाला? काळं पडेल."

"सगळं नाही गं, पाइप तांब्याचे. दोन पाइप आहेत."

"दोन? अय्या, मग एक पाइप तुंबला तरी दुसरा आहे! घ्या, घ्या!"

तिची ही तांत्रिक समज पाहून मी थक्क झालो. "जिग्नेशभाई म्हणतात, आधी जुनं काढायचं, जागा स्वच्छ पुसायची, पेस्ट लावायची आणि मग नवं दाबून बसवायचं."

"पांढरीच ना पेस्ट?"

"पांढरीच. तुला कसं माहीत?"

"वरच्या वहिनींनी लावली होती त्यांच्या सिंकला. मी जुनं काढून ठेवू का?"

"तू अजिबात हात लावू नकोस! त्याला माणूस लागतो."

"हो, माणूसच बोलावते," असं म्हणून तिने फोन ठेवला. मीही ठेवला. माणूस मीच, हे माझ्या मते उघड होतं.

जिग्नेशभाईंनी प्रोसेसर बसवून दिला. "सिंक मैं लगा दूँ?" असंही विचारलं. मी नको म्हणालो! भाचीच्या लग्नाला मामाचा हात लागायला नको? पांढऱ्या पेस्टची चिमुकली नळी खिशात, सिंकचं खोकं पिशवीत आणि सीपीयू पुन्हा छातीशी, असा मी दोन वाजता घरी पोहोचलो.

दार एका अनोळखी गृहस्थांनी उघडलं. त्यांच्या हातात आमचं स्वयंपाकघरातलं सिंक होतं.

"आइये साब," ते म्हणाले, "नया सिंक लाये?"

"हाँ, लाया," मी म्हणालो. कारण आणलं होतं!

"किधर है? नीचे टेम्पो में?"

मी पिशवीतून खोकं काढलं. त्या गृहस्थांनी खोक्याकडे पाहिलं. मग ओट्याला पडलेल्या भोकाकडे पाहिलं. मग नीलाकडे. ते होते प्लंबर प्रधान, मूळचे ओडिशाचे, आणि जगात आपल्याला अजून बरंच बघायचं राहिलंय, असा भाव त्यांच्या तोंडावर होता.

नीलाने खोकं उघडलं. "हे काय आहे?"

"सिंक."

"हे?"

"दोन पाइपांचं."

"यात चमचा तरी धुऊन होईल का?"

त्यानंतर जे झालं त्याला मी भांडण म्हणणार नाही, कारण भांडणात दोघं बोलतात. मला मधे फक्त एकदा बोलायला मिळालं. मी म्हणालो, "शब्द एक आणि अर्थ दोन, हा काय माझा गुन्हा आहे? आज घरात कॉम्प्युटरशिवाय दुसरा विषय आहे का? मग सिंक म्हटल्यावर प्रोसेसरचंच समजायला नको?"

"सिंक म्हटल्यावर प्रोसेसर समजेल अशी एक बाई मला मीरा रोडला दाखवा," नीला म्हणाली. "दहिसरपर्यंत दाखवा!" आणि मग एकदम आवाज उतरवून, "सहा वर्षांत पहिल्यांदा आपणहून म्हणालात. मी तर वरच्या वहिनींना बोलावून सांगितलं, की हे स्वतःहून आणतायत म्हणून."

मी रागावलेला होतो, पण दगड नव्हतो. "जुनंच परत बसवा" म्हणावं, तर प्रधान म्हणाले, "वो तो निकालने में मुड़ गया, साब." शेवटी मी प्रधानांनाच म्हणालो, "जाइये, एक अच्छा बड़ा सिंक ले आइये. मछली सोने लायक."

प्रधान निघाले. दारात वळून मला म्हणाले, "साढ़े पाँच तक आ जाएगा. तब तक नल मत खोलना, साब." नीट लक्षात ठेवा. मला म्हणाले. मीही 'हाँ हाँ' म्हणालो.

मग मी सीपीयू उघडून बसलो. पेस्ट लावली. (थोडी प्रोसेसरला, थोडी लेंग्याला आणि थोडी, का कोण जाणे, कानाला.) दोन पाइपांचं सिंक दाबून बसवलं. ते इतकं उंच निघालं की सीपीयूचा बाजूचा पत्रा लागेना. पत्रा लागेना म्हणून कव्हर बसेना. माझा सीपीयू अब्रू उघडी टाकून जमिनीवर बसला, आणि मी बटण दाबलं.

पिठाची गिरणी सुरू झाली. दुसरी उपमाच नाही!

साडेपाचला ताई आणि मुक्ता आल्या. प्रधान आले नाहीत. सहाला पडद्यावर अमेय आणि त्याची आई आली. तिकडे सकाळ होती. मुलगा न्हाऊन, भांग पाडून, शर्टाचं वरचं बटण लावून बसला होता. मला तिथेच आवडला. मुक्ताला मॉनिटरसमोर बसवलं, मागे ताई आणि नीला उभ्या, मी सीपीयूशेजारी उकिडवा.

"नमस्कार," अमेयची आई म्हणाली. "आवाज कसला येतोय हो? घरात गिरणी आहे का?"

"नाही, नाही! शेजारी काम चाललंय," ताई सराईतपणे म्हणाली.

"रविवारी?"

"फार कष्टाळू आहेत ते."

पाच मिनिटं झाली. सात झाली. अमेयचं नाक आणि ओठ एकाच चेहऱ्यावर होते! मुक्ता काहीतरी म्हणाली, तो हसला. तो काहीतरी म्हणाला, ती हसली. नववं मिनिट. मी घड्याळाकडे बघत होतो, ताई माझ्याकडे बघत होती. दहावं. अकरावं! पडदा उजळलेलाच! मी उकिडव्या उकिडव्या ताईकडे असं पाहिलं, की हिमालय चढून आलेला माणूसही इतक्या तोऱ्यात बघत नसेल.

आणि माझ्या पायाला काहीतरी गार लागलं.

नळ कोणी उघडा ठेवला होता, हा प्रश्न आमच्या घरात आजही विचारला जातो. मी उत्तर देत नाही. (मीच. पावणेसहा वाजले की माझा हात आपोआप जातो. त्याला मी काय करू?) रोज पाणी आलं की ताट वाजतं. त्या दिवशी ताट नव्हतं, ताट ठेवायला सिंक नव्हतं आणि जे सिंक होतं ते गिरणीसारखं गर्जत होतं. पाणी आपलं मुकाट्याने ओट्याच्या भोकातून खाली उतरलं, स्वयंपाकघर भरलं आणि दिवाणखान्यात पाहुण्यासारखं आलं.

"पाणी!" मी ओरडलो.

"अहो, काय आणू? साधं की फ्रिजमधलं?" नीला म्हणाली. तिला वाटलं, मला तहान लागलीय!

"नळाचं! नळाचं!"

मग ताई ओरडली, नीला ओरडली, ताई नीलावर ओरडली, दोघी मिळून माझ्यावर ओरडल्या. मी उठायला गेलो तो ओल्या फरशीवर सरकून टेबलाखाली. आणि त्याच क्षणी दार उघडून, डोक्यावर भलंमोठं चकचकीत सिंक घेतलेले प्रधान कॅमेऱ्यासमोरून शांतपणे डावीकडून उजवीकडे गेले.

"हे कोण?" अमेरिकेतून विचारणा झाली.

ताई गडबडली. "हे... हे प्रधान."

"अगंबाई! ठाण्याचे का?"

एक मुक्ता मात्र ओरडली नाही. ती उठली, पदर खोचला, तो उघडाबोडका सीपीयू वायरींसकट उचलून खुर्चीवर ठेवला, "एक मिनिट हं," असं अमेयला म्हणाली, स्वयंपाकघरात जाऊन नळ बंद केला, येताना झाडू आणला, दोन फटकाऱ्यांत पाणी बाल्कनीकडे वळवलं आणि परत कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणाली, "हं, तर तुम्ही ट्रेकिंगचं सांगत होतात."

आणि मी? मी टेबलाखालून बाहेर पडलो होतो. पाणी आणि वीज एकत्र आली की काय करायचं, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी धावत गेलो आणि मेन स्विच खाली ओढला.

अमेय गेला. अमेयची आई गेली. गिरणी थांबली.

"मामा," मुक्ता म्हणाली, "पाणी गेलं होतं रे."

बस, एवढंच. पण तिचे डोळे भरले होते, आणि ताईने माझ्याशी जन्मात न बोलण्याची सुरुवात त्याच मिनिटापासून केली. मी मेन स्विच पुन्हा वर केला, पण कॉम्प्युटर काही सुरू होईना. (नंतर कळलं, मेन स्विचकडे परत धावताना माझ्याच पायात अडकून त्याची पिन उपटली गेली होती.) सगळे दिवाणावर पाय वर घेऊन बसलो. आत प्रधान पांढरं सिमेंट कालवत होते. प्रधानांचं मात्र काम निवांत चाललं होतं!

वीस मिनिटांनी घरचा फोन वाजला. तो मीच घेतला, कारण बाकी कोणी माझ्याकडे बघायलाही तयार नव्हतं.

"पाणी ओसरलं का हो?" अमेयची आई म्हणाली. "जरा मुक्ताला द्या. अमेयला बोलायचंय."

मुक्ता फोन घेऊन बाल्कनीत गेली. पाऊण तास बोलत होती. परत आली तेव्हा ताई दिवाणावरून उतरून तिच्यासमोर उभी राहिली.

"सोमवारचा कार्यक्रम त्याने रद्द केला," मुक्ता म्हणाली. "म्हणतो, तुमच्याकडे सगळेच तापले होते, तू एकटीच थंड होतीस."

झालं! लग्न ठरलं. आणि श्रेय कोणाला? त्या दिवसापासून नातेवाइकांत सांगतात, 'नीलाच्या सिंकमुळे मुक्ताचं जमलं.' अहो, अकरा मिनिटं गाडी चालवली कोणी? प्रोसेसर कोणाचा? पाइप कोणाचे? लग्नात प्रधानांना पहिल्या रांगेत बसवून शाल दिली. मी मामा, म्हणून नवरीला मंडपात आणायला गेलो, तर ताई भटजींना म्हणाली, "याला लाइटच्या बोर्डापासून लांब उभा करा."

लग्नानंतर अमेय-मुक्ता जेवायला घरी आली. नव्या सिंकमध्ये अख्खी सुरमई आडवी पडली होती आणि शेजारी साबण ठेवायला नीलाने माझं जुनं, छोटं सिंक मांडलं होतं. (खाचांतून पाणी छान निथळतं म्हणे.) अमेय कॉम्प्युटरमधलाच माणूस. म्हणाला, "मामा, तो ऐतिहासिक सीपीयू दाखवा ना."

मी अभिमानाने नेलं. बाजूने बाहेर आलेल्या सिंकचं माप देऊन मी नवं, फुगीर कव्हर शिवून घेतलं होतं. झालरही दुहेरी.

अमेय खाली वाकला. कव्हरवर हात ठेवला आणि लगेच उचलला. "मामा, हे चालू आहे?"

"हो, सकाळपासून."

"मग कव्हर?"

"चालू असताना तर हवंच! धूळ तेव्हाच ओढतो तो. पहिल्या दिवसापासून माझा नियम आहे."

"जुना प्रोसेसर होता तेव्हाही?"

"तेव्हाही. दहा मिनिटांत बंद पडायचा बिचारा, पण धुळीचा एक कण नाही!"

अमेय नवा जावई होता, शब्द जपून निवडत होता. मग हळूच म्हणाला, "मामा, याला श्वास घ्यायलाच जागा नाहीये. त्या दिवशी अकरा मिनिटं चाललं ते कव्हर काढलं होतं म्हणून. तेव्हाच काढलं असतं, तर जुनं सिंकच पुरलं असतं."

"काय म्हणतायत जावईबापू?" आतून नीलाने विचारलं.

"काही नाही गं," मी घाईने ओरडलो, "सिंक छान आहे म्हणतायत!"

"कुठलं?" नीला म्हणाली.

हा प्रश्न विचारून घ्यायचा असतो, हे सतरा वर्षांनी का होईना, आमच्या घरात एकाला तरी कळलं. दुसरा तेव्हा खाली वाकून कव्हरची झालर सरळ करत होता.